मथूकाकूंचा बसलेला घसा

एका जंगलात सातभाई राहत होते. ते सात नव्हते. भाऊ तर मुळीच नव्हते. त्यांच्यात एक आजोबा होते, एक आत्या होती, एक काका-काकू होते आणि बरीच पोरं होती. पण लोकांनी एकदा नाव ठेवलं की ते बदलून घ्यायला फार खटपट करावी लागते. सातभायांना तेवढी सवड नव्हती. त्यांना दिवसभर पाचोळा उलटायचा असे. पाचोळ्याखाली किडे असत.

जंगल कोणतं, ते विचारू नका. आता तिथे रिसॉर्ट आहे आणि त्या रिसॉर्टचं नाव 'जंगल' आहे.

तर बाळांनो, सातभाई हे पक्षी तुम्ही पाहिलेच असतील. रंग मातकट. डोळे पिवळट. चेहरा असा, की आत्ताच कोणाशी तरी भांडून आलेत. सगळे अगदी सारखे. इतके सारखे, की ओढ्याच्या पाण्यात वाकून पाहिलं की प्रत्येकाला वाटे, हा शेजारी आपल्या जागी कशाला आलाय? म्हणून ते तोंडं पाहण्याच्या भानगडीत पडतच नसत. ते एकमेकांना आवाजावरून ओळखत.

प्रत्येकाची हाक निराळी. घरात शिरण्यापूर्वी करवंदीच्या जाळीवर बसून आपली हाक द्यायची. आतून 'ये' आलं की आत जायचं. पोरांनाही पंख फुटायच्या आधी हा नियम शिकवत.

आजोबांचं नाव भाऊसाहेब. त्यांची हाक आधी खाकरायची आणि मग यायची. त्यांची मुलगी कुमूदआत्या. तिची हाक शेवटी प्रश्न विचारल्यासारखी वर जायची. भाऊसाहेबांचा मुलगा दिगूकाका. त्यांची हाक कोणी फारशी ऐकलेली नव्हती, कारण त्यांच्या वतीने त्यांची बायकोच बोलायची.

ही बायको म्हणजे आपल्या मथूकाकू.

मथूकाकूंची हाक म्हणजे "क्यॅं-च्यां!" कानात खिळा ठोकावा तशी. ती ओढ्यापलीकडे ऐकू जाई. टेकडीपलीकडे जाई. एक घुबड तर त्या हाकेला कंटाळून दिवसाची झोप होईना म्हणून जंगल सोडून गेलं होतं.

अशा आवाजाला घरात एकच काम होतं. पहारा. बाकीचे खाली पाचोळा उलटायचे आणि मथूकाकू ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून आकाशाकडे बघायच्या. झडप घालणारा शिकरा दिसला की ओरडायचं. साप दिसला की ओरडायचं. सगळ्यांचं खाणं झालं की खाली यायचं आणि उरलं असेल ते खायचं. संध्याकाळी सगळे एका फांदीवर अंगाला अंग लावून ओळीने झोपत. मधे बसणाऱ्याला दोन्हीकडून ऊब. टोकाला बसणाऱ्याला एकीकडून ऊब आणि एकीकडून वारा. टोकाला मथूकाकू.

याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. म्हणजे होती. पण त्या दिवसभर ओरडतच असल्यामुळे त्यातली तक्रार कोणती आणि शिकरा कोणता, हे खाली कोणाला कळत नसे. हळूहळू सगळ्यांनी दोन्हींकडे लक्ष देणं सोडलं होतं. शिकरा आलाच तर जो तो आपापल्या डोळ्यांनी बघून पळायचा.

एकदा काय झालं, ओढ्याकाठच्या उंबरावरून सातभायांचं आणि साळुंक्यांचं भांडण लागलं. साळुंक्या म्हणाल्या, उंबर आमचं. सातभाई म्हणाले, आमचं. उंबराला कोणी विचारलं नाही. पक्ष्यांच्या भांडणात जो जास्त वेळ ओरडेल तो जिंकतो. माणसांतही तसंच असतं, पण ती गोष्ट मोठ्यांची आहे.

भाऊसाहेब दोनदा खाकरले आणि म्हणाले, "मथू, तू बघ."

मथूकाकूंनी बघितलं. त्या ओरडत राहिल्या. साळुंक्यांनी पाळ्या लावल्या. मथूकाकूंची पाळी घ्यायला कोणी नव्हतं. शेवटी साळुंक्यांची म्होरकी पंख कानांवर धरून निघून गेली. उंबर सातभायांचं झालं. सगळे उंबरं खायला धावले.

मथूकाकूंनी 'मलाही ठेवा' असं म्हणायला चोच उघडली. आतून काहीच आलं नाही. नुसती हवा आली.

घसा पार बसला होता.

मथूकाकू ओढ्याच्या वरच्या अंगाला गेल्या. तिथे एकट्याच राहिल्या. थंड पाणी प्यायल्या, कसलीशी पानं चघळली, मधमाश्यांच्या शिव्या खाऊन थोडा मधही खाल्ला. काही दिवसांनी आवाज आला. पण तो त्यांचा नव्हता. जाड, खोल, घोगरा. एखादं ढोलीतलं मोठं जनावर विचार करून बोलतंय असा.

"असू दे," मथूकाकू स्वतःशी म्हणाल्या आणि दचकून मागे बघितलं. मग लक्षात आलं की आपणच बोललो.

त्या घरी आल्या. करवंदीवर बसल्या. हाक दिली.

"घ्रूं-घ्रां."

आत एकदम शांतता पसरली. सातभायांच्या घरात शांतता ही फार मोठी गोष्ट.

"कोण आहे?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"अहो मामंजी, मी."

"मी कोण?"

"मी मथू."

कुमूदआत्या जाळीतून डोकावली. तिला मातकट रंगाचा, पिवळट डोळ्यांचा, रागावलेला एक पक्षी दिसला. असे पक्षी तिने जन्मभर पाहिले होते. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

"बाबा, पाहुण्या आल्यात," ती म्हणाली. "आवाज किती भारदस्त आहे! खालच्या मोठ्या जंगलातल्या असणार."

"वन्सं, मी पाहुणी नाही. मी तुमचीच आहे!"

"बघा!" भाऊसाहेब गहिवरले. "आल्या-आल्या म्हणतात, तुमचीच आहे. याला म्हणतात संस्कार. आणि मला मामंजी म्हणाल्या. आमच्या घरातली माणसंसुद्धा इतक्या अदबीने बोलत नाहीत. या, या. आत या. नाव काय म्हणालात?"

"मथू."

"काय योगायोग! आमच्या सुनेचंही हेच नाव."

"मीच ती सून!"

"सुनेसारखीच आहात हो तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले. "पोरांनो, बघता काय? अळी आणा!"

एक लठ्ठ पांढरी अळी आली. मथूकाकूंनी अशी अळी शेंड्यावरून अनेकदा पाहिली होती. चोचीत कधी आली नव्हती. त्या म्हणाल्या, "अहो, मी खरंच..." आणि तेवढ्यात कोणीतरी ती त्यांच्या उघड्या चोचीत घातली. तोंडात अळी असताना खरं बोलता येत नाही. बाळांनो, तुम्हीही करून बघा. नको, राहू दे.

दुपारी कुमूदआत्याला आठवण झाली.

"बाबा, खरी मथूवहिनी कुठे आहे? बऱ्याच दिवसांत कोणी ओरडलं नाही."

सगळ्यांनी कान टवकारले. खरंच कोणी ओरडत नव्हतं. घरात घबराट उडाली. मथू हरवली! ताबडतोब कोतवालाला बोलावणं गेलं.

कोतवाल म्हणजे तो काळा कुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. जंगलाचा बंदोबस्त त्याच्याकडे होता. त्याला पाचोळा उलटायचा कंटाळा. दुसऱ्या कोणी किडा काढला की तो झडप घालून घेई. त्याला तो 'जप्ती' म्हणत असे.

"हरवलेल्या बाईंचं वर्णन सांगा," कोतवाल म्हणाला.

"रंग मातकट," भाऊसाहेब म्हणाले.

"डोळे पिवळट," कुमूदआत्या म्हणाली.

"चेहरा रागावलेला," पोरं म्हणाली.

कोतवालाने ओळीने सगळ्यांकडे पाहिलं. "यांतली कोणी नाही ना?"

"छे! आम्ही तर इथेच आहोत."

"मी आहे यांतली!" मथूकाकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मीच हरवलेय!"

"पाहुण्याबाई आमच्या दुःखात इतक्या समरस झाल्यात," भाऊसाहेब कोतवालाच्या कानात म्हणाले. "थोर मनाच्या आहेत. तुम्ही लक्ष देऊ नका."

"आवाज कसा होता?" कोतवालाने विचारलं.

भाऊसाहेबांनी काढून दाखवला. नीट जमला नाही. कुमूदआत्याने काढला. तो प्रश्नार्थक झाला. मग कोतवालाने मान तिरकी केली आणि म्हणाला, "असा? क्यॅं-च्यां!"

सगळे जागच्या जागी उडाले. हुबेहूब मथूकाकू! हा कोतवाल जंगलातल्या कोणाचीही नक्कल करत असे. गुन्हेगार पकडायला उपयोग होतो, असं तो सांगे. अजून एकही पकडला नव्हता.

"तपास चालू आहे," असं म्हणून तो एक नाकतोडा जप्त करून निघून गेला.

त्या संध्याकाळी पाहुण्याबाईंना फांदीवर मधली जागा मिळाली. एका बाजूला भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला दिगूकाका. टोकाची जागा मथूकाकूंच्या आठवणीसाठी रिकामी ठेवली. दिगूकाका दिवसभर काही बोलले नव्हते. आता त्यांनी तोंड वर केलं आणि अंधारत चाललेल्या झाडीकडे बघून हळूच हाक दिली, "मथू!"

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी हाक मारली होती. आजवर गरजच पडली नव्हती.

"ओ," मथूकाकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेता?" कुमूदआत्या डोळे पुसत म्हणाली. "त्याचं मन राखायला ओ देतात बघा."

मथूकाकू मधल्या उबेत पेंगू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दोन्हीकडून ऊब मिळत होती. झोपेत त्या काहीतरी पुटपुटल्या. दिगूकाका जरासे सरकले आणि तेही झोपले.

दुसऱ्या दिवशीही मथूकाकूंनी खरं सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी लोक त्यांना आणखी थोर समजू लागले. मग त्यांनी सांगणं थोडं कमी केलं. कुमूदआत्या त्यांच्या डोक्यावरची पिसं विंचरत असे. कुमूदआत्याने याआधी मथूकाकूंच्या डोक्याला चोच म्हणून लावली नव्हती. पोरं त्यांच्यापुढे पंख मिटून बसत. भाऊसाहेब त्यांना विचारल्याशिवाय कुठल्या झाडाखाली जायचं तेही ठरवत नसत.

मग एके सकाळी मथूकाकूंसाठी शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी पाहुण्याबाई होत्या.

भाऊसाहेब म्हणाले, "मथू म्हणजे या घराचा कणा. तिच्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मी हे तिला कधी बोलून दाखवलं नाही."

"का नाही दाखवलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती घरचीच होती ना," भाऊसाहेब म्हणाले.

कुमूदआत्या रडत म्हणाली, "वहिनीच्या हातची अळी... म्हणजे वहिनीच्या वाट्याला शेवटी शेवटी आलेली बारकी अळी... तीसुद्धा मी तिच्या तोंडातून काढून पोरांना दिली होती. ती काही बोलली नाही."

"बोलले होते," अध्यक्षा म्हणाल्या. "खूप बोलले होते."

"आपल्या अध्यक्षांना सगळं कसं कळतं!" सगळे म्हणाले.

मथूकाकूंना फार रडू आलं. आपण इतक्या चांगल्या होतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनीही मथूकाकूंना श्रद्धांजली वाहिली. ती सगळ्यांत लांबली.

इकडे कोतवालाच्या डोक्यात एक कल्पना शिजत होती. आवाज तर त्याला येतच होता. आपणच मथू होऊन त्या घरात शिरावं. शेंड्यावर बसावं. खाली कोणी चांगला किडा काढला की 'शिकरा, शिकरा!' म्हणून ओरडावं. सगळे पळतील. किडा आपला. रोजची जप्ती घरबसल्या. शिवाय तपासही लागला असं होईल.

तो करवंदीवर येऊन बसला. काळा कुळकुळीत. शेपूट दुभंगलेली.

"क्यॅं-च्यां!"

"मथू!" आतून एकच गलका झाला. सगळे बाहेर धावले. भाऊसाहेबांनी कोतवालाला मिठी मारली.

"जरा काळवंडलीस गं," ते म्हणाले.

"उन्हात हिंडले ना, मामंजी," कोतवाल म्हणाला.

"आणि शेपटीला असा फाटा का फुटलाय?" एका पोराने विचारलं.

"काळजीने," कुमूदआत्या म्हणाली. "काळजीने असं होतं. गप्प बस."

मथूकाकू आपल्या मधल्या जागेवरून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, हा कोतवाल आहे! डोळे उघडून बघा तरी!"

भाऊसाहेब त्यांच्याकडे वळले. आवाज नम्रच होता, पण जरा दुखावलेला. "बाईसाहेब, तुमच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण घरच्या माणसांना आम्ही ओळखत नाही की काय? आवाज ऐकलात ना?"

मग ते दिगूकाकांना म्हणाले, "दिगू, मथू आली. काहीतरी बोल."

दिगूकाकांनी कोतवालाकडे पाहिलं. पाहुण्याबाईंकडे पाहिलं. मान खाजवली. "आली का? बरं," ते म्हणाले.

"धक्का बसलाय त्याला," कुमूदआत्या म्हणाली.

भाऊसाहेबांनी डोळे पुसले. आनंदाचे दोन क्षण गेले. मग ते म्हणाले, "आलीस ना? मग जा आता शेंड्यावर. किती दिवस रिकामा आहे तो."

कोतवाल खुशीत वर गेला. खाली एका पोराने लांबलचक गोम उकरून काढली. कोतवालाच्या चोचीला पाणी सुटलं. तो जीव खाऊन ओरडला, "शिकरा! शिकरा आला! पळा!"

कोणी मान वर केली नाही.

"शिकरा!" तो पुन्हा ओरडला. "शिकरा, शिकरा, शिकरा!"

"आता कसं घर घरासारखं वाटतंय," कुमूदआत्या समाधानाने म्हणाली आणि गोमेचे तुकडे करून पोरांना वाटले.

कोतवाल दिवसभर ओरडला. संध्याकाळी खाली आला तेव्हा एक मुंगी उरली होती. ती खाणार एवढ्यात पोरांनी चोची उघडल्या. मथूकाकू त्यांना भरवायच्या ना! मग टोकाची जागा. टोकाला वारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंडा. एकदा त्याने म्हटलं, 'आज जरा बरं नाही.' भाऊसाहेब म्हणाले, 'वर मोकळी हवा आहे, बरं वाटेल.'

काही दिवसांत कोतवाल वाळून काटकीसारखा झाला. एक दिवस त्याने मथूकाकूंना ओढ्यावर एकटं गाठलं. त्याच्या स्वतःच्या आवाजात, अगदी हळू, तो म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्हीच ना त्या?"

"मीच ती."

"मग सांगत का नाही?"

"किती वेळा सांगितलं. तुमच्यासमोर सांगितलं. तुम्ही नाकतोडा घेऊन गेलात."

कोतवालाने मान खाली घातली. "तुम्ही हे इतकी वर्षं कसं केलंत हो? मी पोलीस आहे, माझ्याच्याने होत नाही. तुमची जागा परत घ्या. पाया पडतो."

मथूकाकूंनी विचार केला. त्यांना त्याची दयाही आली. पण कुमूदआत्याने नुकतीच त्यांच्या मानेवरची पिसं विंचरली होती.

"घसा अजून बरा नाही," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोन-चार दिवसांत खरा शिकरा आला. कोतवालाने शेंड्यावरून पाहिला. तो ओरडला, "शिकरा! या वेळी खरंच! आईशप्पथ!" खाली कोणी हललं नाही. एक पोर तर उघड्यावर मातीत लोळत होतं.

मथूकाकूंनी वर पाहिलं. पण ओरडण्याइतका घसा नव्हता. त्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात एवढंच म्हणाल्या, "शिकरा आहे वाटतं."

वाक्य संपायच्या आत सगळं घर करवंदीत होतं. लोळणाऱ्या पोराला भाऊसाहेबांनी स्वतः ओढत नेलं. बाहेर उरला तो कोतवाल. शिकऱ्याने त्याच्यावरच झडप घातली. तो कसाबसा निसटला, पण शेपटीतलं एक लांब पीस शिकऱ्याच्या पायात राहिलं.

"बाईसाहेबांमुळे वाचलो!" भाऊसाहेब म्हणाले. "मथू, तू शेंड्यावर बसून काय करत होतीस?"

तेव्हा मात्र कोतवालाचा बांध फुटला. तो आपल्या खऱ्या आवाजात ओरडला, "मी मथू नाही! मी कोतवाल आहे! कोतवाल!"

सगळे चमकले. मग भाऊसाहेबांचा चेहरा उजळला.

"साहेब! देवासारखे आलात! आत्ता या क्षणापर्यंत मथू इथेच होती हो. पुन्हा हरवली!"

कोतवालाने चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "तपास चालू आहे," तो म्हणाला आणि उडाला तो उडालाच. पुढे कळलं, की त्याने दुसऱ्या जंगलात बदली मागून घेतली. कोणाकडे मागितली, ते काही कळलं नाही.

या वेळी शोकसभा झाली नाही. "तिला सवयच लागली," कुमूदआत्या म्हणाली. शेंड्यावर दिगूकाकांना पाठवलं. ते उन्हात गुमान बसत. मथूकाकू सावलीतून त्यांच्याकडे बघत आणि त्यांना पुढ्यातली अळी गोड लागत नसे.

भाऊसाहेबांच्या मनात वेगळंच घोळत होतं. एके दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"अशा बाई घरात कायमच्या हव्यात," ते म्हणाले. "पाहुण्या आज ना उद्या जातात. आणि आमचा दिगू एकटा पडलाय. तेव्हा मी म्हणतो, बाईसाहेबांची हरकत नसेल तर दिगूने..."

"हो," दिगूकाका म्हणाले.

"अरे, माझं वाक्य तरी..."

"हो म्हटलं ना."

मथूकाकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. मी हरवून किती दिवस झाले? आणि हा गृहस्थ दुसऱ्या बाईला 'हो' म्हणतो! तेही वाक्य संपायच्या आत! त्या ताडकन उडाल्या आणि ओढ्यावर जाऊन बसल्या. दिगूकाका मागोमाग आले.

"लाज नाही वाटत?" मथूकाकू घोगऱ्या आवाजात कडाडल्या. "बायको हरवलीय तुमची. शोधायचं सोडून बोहल्यावर चढताय? विसरलात तिला?"

"विसरलो असतो तर हो कशाला म्हणालो असतो?" दिगूकाका म्हणाले.

"म्हणजे?"

"मथू, तू पहिल्या संध्याकाळी झोपेत काय म्हणालीस, आठवतं?"

"काय म्हणाले?"

"म्हणालीस, 'अहो, सरका जरा.'"

ओढ्याचं पाणी वाहत होतं.

"जंगलात सगळ्यांच्या बायका 'अहो' म्हणतात," दिगूकाका म्हणाले. "पण आपली कोणती ते कळतं. घसा बसला म्हणून काय झालं?"

"मग इतके दिवस गप्प का बसलात?"

"बोललो असतो तर त्यांनी तुला शेंड्यावर पाठवलं असतं. मधे बसायला लागल्यापासून तुझी झोप होते. मी बघतो ना. चांगली घोरतेस."

"आणि तो कोतवाल? त्यालाही चालू दिलंत!"

"त्याने मला एकदाही 'अहो' म्हटलं नाही. 'ओ दिगू' म्हणायचा. मी म्हटलं, शेंड्यावर कोणीतरी बसतंय ना, बसू दे."

मथूकाकूंना हसू आलं. घोगऱ्या आवाजातलं हसू फार विचित्र ऐकू येतं. पलीकडे पाणी पिणारी दोन हरणं बिचकून पळाली.

"मग लग्नाला हो का म्हणालात?" त्यांनी विचारलं.

दिगूकाका जरा वेळ पायाने माती उकरत राहिले. "पाहुणे जातात कधीतरी," ते म्हणाले. "मला भीती वाटली."

आपल्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न करायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही. मथूकाकू 'हो' म्हणाल्या.

लग्न दणक्यात झालं. तांबट पक्ष्याने दुपारभर ताशा वाजवला. साळुंक्यासुद्धा आल्या आणि उंबराखाली बसून उंबराविषयी एक शब्द न काढता जेवल्या. वाळवीची पंगत उठली. भाऊसाहेबांनी नव्या सुनेच्या डोक्यावर चोच ठेवून आशीर्वाद दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आजपासून तुम्ही पाहुण्या नाही," ते म्हणाले. "आजपासून तू या घरची."

"हो, मामंजी," मथूकाकू म्हणाल्या.

"मग सूनबाई," भाऊसाहेब म्हणाले, "जा आता शेंड्यावर. रिकामा आहे तो."

मथूकाकूंनी सगळ्यांकडे पाहिलं. कुमूदआत्या उरलेली वाळवी पोरांना वाटत होती. कोणी वर बघत नव्हतं. मथूकाकू उडाल्या आणि ऐनाच्या शेंड्यावर जाऊन बसल्या. ऊन मी म्हणत होतं. वारा होता.

त्यांचा घसा तर शिकरा येऊन गेल्यापासून सुटत आला होता. त्याच मधे मधे खोटं खोकून तो झाकत होत्या. आता झाकायचं कशाला? त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"क्यॅं-च्यां!"

ओढ्यापलीकडे गेली ती हाक. टेकडीपलीकडे गेली. खाली कुमूदआत्याने मान वर केली.

"बाबा, अगदी मथूवहिनीचा आवाज वाटतो हो."

"नवी सून आहे ती," भाऊसाहेब पाचोळा उलटत म्हणाले. "शेंड्यावर बसलं की सगळ्यांचाच आवाज तसा होतो."

वर मथूकाकूंनी हे ऐकलं. मग त्यांनी हळूच, खालच्या इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "अहो."

दिगूकाका खालून उडाले, वर आले आणि त्यांच्या शेजारी, वाऱ्याच्या बाजूला बसले.

"लोक काय म्हणतील?" मथूकाकू म्हणाल्या.

"काही नाही म्हणणार," दिगूकाका म्हणाले. "नवीन लग्न आहे."

तात्पर्य : घरच्यांनी आपल्याला ओळखावं असं वाटत असेल, तर मोठ्याने हाक मारावी. घरच्यांनी आपलं ऐकावं असं वाटत असेल, तर शक्यतो ओळख देऊ नये.